अंदाजपत्रक

फुटबॉलमधले मला काहीही कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. ऑफसाइड म्हणजे काय, हे आजपर्यंत निदान दहा जणांनी मला समजावून सांगितले आहे. त्यांतल्या चौघांनी टेबलावर पेले मांडले, दोघांनी चमचे मांडले, आणि एकाने तर माझ्याच ताटलीतली भजी मांडून दाखवली. भजी संपली, ऑफसाइड तसेच राहिले. पण सामन्यात कोण जिंकणार, हे सांगायला मी एका पायावर तयार असतो. त्यासाठी खेळ कळावा लागतो, हा गैरसमज आहे. उलट खेळ कळणारी माणसे चाचरतात. ‘तसं बघितलं तर’ अशी सुरुवात करतात आणि ‘पण सांगता येत नाही’ असा शेवट करतात. अज्ञानाचा आवाज कसा खणखणीत असतो.

आता यात वाईट ते काय? पैसे लावायचे नाहीत, कुणाचे नुकसान करायचे नाही. गंमत म्हणून एक नाव सांगायचे, खरे ठरले तर कॉलर ताठ करायची, खोटे ठरले तर रेफरीला शिव्या द्यायच्या. इतकी निरुपद्रवी करमणूक जगात दुसरी नसेल, असे मी समजत होतो. हा समज १८ डिसेंबर २०२२ रोजी, रविवारी, रात्री सव्वादहाच्या सुमारास गेला. त्या वेळी मी कोल्हापुरात, सासुरवाडीला, दिवाणखान्यातल्या सर्वांत मानाच्या खुर्चीवर बसलो होतो.

कोल्हापूर म्हटले की बाहेरच्या माणसाला कुस्ती आठवते, चप्पल आठवते आणि तांबडा-पांढरा रस्सा आठवतो. फुटबॉल आठवत नाही. पण तिथल्या पेठांतून फुटबॉल मुरलेला आहे. तिथे तालमींचे संघ आहेत. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावे घेताना तिथली भली माणसे आवाज चढवतात. शाहू स्टेडियमवर सामना असला की लग्नाच्या पंगतीतले अर्धे पुरुष हात धुऊन नाहीसे होतात. आणि वर्ल्ड कप आला की हेच लोक दोन देशांत विभागले जातात, एक ब्राझील आणि दुसरा अर्जेंटिना. गल्लीत झेंडे लागतात, खेळाडूंची उंच उंच चित्रे उभी राहतात. पंचगंगेकाठच्या माणसाने ॲमेझॉनकाठच्या माणसासाठी घसा का फोडावा, असे विचारायची सोय नाही. मी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी विचारले होते. त्यानंतर सहा महिने जावयाला मिळणारा पांढरा रस्सा जरा पातळ येत होता.

माझे मेहुणे अर्जेंटिनाचे. त्यांचे घरच अर्जेंटिनाचे. २०२२ च्या स्पर्धेच्या वेळी त्यांनी एक मोठा पुठ्ठा भिंतीला टांगला. डाव्या बाजूला घरातल्या सर्वांची नावे, वर सामन्यांच्या तारखा, आणि चौकटीत प्रत्येकाचा अंदाज. डोक्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते ‘अंदाजपत्रक’. सरकारचे असते तसे नव्हे, पण चुकण्याच्या बाबतीत त्याच तोडीचे. माझे अंदाज मी पुण्याहून फोनवर सांगायचे आणि भाच्याने ते भरायचे, अशी व्यवस्था होती. भाचा म्हणजे मेहुण्यांचा मुलगा, वय वर्षे अकरा. आत्याचा नवरा म्हणजे मामा, असा तिकडचा हिशेब आहे, म्हणून तो मला मामा म्हणतो. सासऱ्यांनी एकच नियम घातला होता, ‘पैसा लावायचा न्हाई. पैसा लावला की जुगार, नाव लावलं की खेळ.’

त्या वेळी मला हे वाक्य फार आवडले होते. नाव लावणे हे पैसा लावण्यापेक्षा जास्त धोक्याचे असते, हे पुढे कळले. पैसा गेला तर माणूस हळहळतो आणि पुन्हा मिळवतो. नाव पणाला लागले की माणूस कुठल्या थराला जाईल, सांगता येत नाही.

सुरुवात मात्र मजेची झाली. २२ नोव्हेंबरला अर्जेंटिना विरुद्ध सौदी अरेबिया. अर्जेंटिना त्याआधी सलग ३६ सामने हरली नव्हती. पुठ्ठ्यावर एकजात सर्वांनी अर्जेंटिना लिहिले. फक्त सासूबाईंनी सांगितले, ‘सौदी.’ कारण विचारले तर म्हणाल्या, ‘आपल्या मागच्या गल्लीतला पोरगा तिथं नोकरीला आहे. चांगली माणसं आहेत म्हणतो.’ घर हसले. मेस्सीने दहाव्या मिनिटाला गोल केल्यावर तर आणखी हसले. मग उत्तरार्धाच्या पहिल्या आठ मिनिटांत सौदीने दोन गोल केले आणि सामना २-१ ने जिंकला. सौदी अरेबियात दुसऱ्या दिवशी सार्वजनिक सुट्टी जाहीर झाली, कोल्हापुरात त्या घरी चूल पेटली नाही.

सासूबाईंची कीर्ती पेठेत पसरली. शेजारपाजारचे लोक चहाच्या निमित्ताने येऊन पुढच्या सामन्याचे विचारू लागले. सासूबाई मात्र म्हणाल्या, ‘मला काय कळतंय त्यातलं!’ आणि पुढे एकही अंदाज त्यांनी सांगितला नाही. एक भाकीत, एक यश, आणि शंभर टक्क्यांवर निवृत्ती. एवढा संयम मी मोठमोठ्या ज्योतिष्यांत पाहिलेला नाही.

या क्षेत्रात त्यांच्या जवळपास येईल असा एकच प्राणी होऊन गेला, तो म्हणजे जर्मनीतला पॉल नावाचा ऑक्टोपस. ओबरहाउझेनच्या मत्स्यालयात तो राहत असे. २०१० च्या वर्ल्ड कपच्या वेळी त्याच्या टाकीत दोन पेट्या सोडत, प्रत्येकीवर एका देशाचा झेंडा आणि आत खाण्यासाठी शिंपला. तो ज्या पेटीकडे आधी जाई तो देश जिंकणार, असे समजायचे. जर्मनीचे सातही सामने आणि अंतिम सामना, आठांपैकी आठ बरोबर! त्याच सुमारास सिंगापूरच्या एका ज्योतिष्याच्या पोपटानेही बरेच नाव काढले होते, पण अंतिम सामन्यात त्याने हॉलंडची चिठ्ठी उचलली आणि जिंकले स्पेन. आपल्याकडच्या रस्त्यावरच्या पोपटाला ही अडचण येत नाही, कारण त्याची चिठ्ठी खरी ठरली की नाही हे बघायला गिऱ्हाईक पुन्हा त्याच फुटपाथवर येत नाही.

गणिताची माणसे सांगतात की, आठ वेळा नाणे उडवले तर आठही वेळा छापा पडण्याची शक्यता २५६ मध्ये १. म्हणजे जगभरच्या २५६ प्राण्यांना या कामाला जुंपले, तर त्यांतला एखादा त्रिकालज्ञ निघायला हरकत नाही. आपल्याला तोच दिसतो. बाकीचे २५५ आपापले चारापाणी खाऊन गप्प बसतात. शिवाय याच पॉलचे २००८ च्या युरो स्पर्धेत दोन अंदाज चुकले होते, ते कुणाला आठवत नाही.

ऑक्टोपसपेक्षा मला आमच्या लहानपणीचा नंदीबैल गरीब वाटत असे. अंगावर झूल, शिंगांना गोंडे, बरोबर गुबुगुबु ढोलके वाजवणारा मालक. ‘सांग सांग भोलानाथ’ची पाळी प्रत्येक दारावर येई. पाऊस पडेल का? बैल मान हलवी. बाळ पास होईल का? मान हलवी. मुलीचं जमेल का? मान हलवी. त्याच्यापुढे दुसरी पेटीच नव्हती. मी शाळेत असताना एकदा मुद्दाम विचारले होते, ‘मी नापास होईन का?’ तरी त्याने मान हलवली. तेव्हापासून माझा त्याच्यावरचा विश्वास उडाला होता. तो परत कसा बसला, ते शेवटी सांगतो.

फुटबॉलचे भाकीत करणे मुळात अवघड का, याचे कारण मेहुण्यांनी मला सांगितले आणि ते ऑफसाइडपेक्षा लवकर कळले. या खेळात गोल फार कमी होतात. २०२२ च्या अख्ख्या स्पर्धेत ६४ सामन्यांत १७२ गोल झाले आणि तो विक्रम ठरला. म्हणजे सामन्याला सरासरी तीनही नाहीत. क्रिकेटमध्ये शेकड्यांनी धावा होतात, तेव्हा दोन-चार धावा नशिबाने इकडच्या तिकडे झाल्या तरी मोठा संघ मोठाच राहतो. फुटबॉलमध्ये नव्वद मिनिटे एक संघ उत्तम खेळतो, आणि दुसऱ्याचा एक चेंडू कुणाच्या तरी गुडघ्याला लागून आत जातो. संपले! ज्या खेळात एका गुडघ्यावर इतिहास ठरतो, त्याचे भाकीत माणसाने काय करावे आणि ऑक्टोपसाने तरी काय करावे?

तरी लोक करतात आणि नुसती करत नाहीत, त्यावर घरे बांधतात. १९५० साली रिओच्या माराकाना मैदानावर ब्राझील आणि उरुग्वे यांचा शेवटचा सामना होता. ब्राझीलला नुसती बरोबरी पुरेशी होती. एका वर्तमानपत्राने सामन्याच्या आधीच संघाचे छायाचित्र जगज्जेते म्हणून छापून टाकले. सुमारे दोन लाख लोक मैदानात होते. उरुग्वेने २-१ असा सामना जिंकला. आता न्यायाने पाहिले तर कुणाला बोल लावायचा? छायाचित्र छापणाऱ्याला. पण बोल लागला तो बार्बोसा नावाच्या गोलरक्षकाला. तो २००० साली वारला, आणि मधली पन्नास वर्षे त्या एका गोलाने त्याची पाठ सोडली नाही. हा या विषयातला एक नियमच दिसतो. भाकीत चुकले की लोक भाकीत करणाऱ्यावर रागावत नाहीत, ज्याने ते चुकवले त्याच्यावर रागावतात.

तर अंतिम सामना. अर्जेंटिना विरुद्ध फ्रान्स. आम्ही दोघे मुद्दाम कोल्हापूरला गेलो. पुठ्ठ्यावर सासूबाई सोडून सगळ्या घराने अर्जेंटिना लिहिले होते. मी म्हणालो, ‘फ्रान्स.’

‘दाजी,’ मेहुणे कळवळून म्हणाले, ‘आमच्या घरात बसून, आमचा रस्सा खाऊन फ्रान्स?’

मी अगदी तटस्थ चेहरा करून म्हणालो, ‘मी काही फ्रान्सचा नाही. मी फक्त अंदाज सांगतोय. मनापासून म्हणाल तर मलाही अर्जेंटिनाच हवी.’

आणि हे खरे होते, निदान साडेआठला सामना सुरू झाला तेव्हा तरी. माझा हिशेब सोपा होता. अर्जेंटिना जिंकली तर घर आनंदात, म्हणून मीही आनंदात. हरली तर निदान माझा अंदाज खरा. दोन्हीकडून फायदा. विमा उतरवल्यासारखा मी निश्चिंत बसलो.

मध्यंतराला अर्जेंटिना दोन गोलांनी पुढे होती. घरात उत्सव. मीही हसत होतो, पण ते हसू जरा पुढच्या दातांपुरतेच होते. मेहुणे पुठ्ठ्याकडे बोट दाखवत होते. बायकोसुद्धा म्हणाली, ‘अहो, तुमचा फ्रान्स कुठे गेला?’ ‘तुमचा’ म्हणाली! तासाभरापूर्वी जो देश मी फक्त उच्चारला होता, तो आता माझा झाला होता. ऐंशीव्या मिनिटाला फ्रान्सला पेनल्टी मिळाली. एम्बापेने गोल केला. घरात शांतता पसरली, आणि त्या शांततेत एक टाळी वाजली.

ती मी वाजवली होती.

शपथेवर सांगतो, मी ठरवून वाजवली नाही. हातांनी परस्पर व्यवहार केला. आणि पुढच्याच मिनिटाला त्याच एम्बापेने दुसरा गोल केला तेव्हा मी हात मांड्यांखाली दाबून धरले, तरी तोंडातून ‘मी म्हटलं नव्हतं!’ एवढे निसटलेच. भाचा माझ्या पायाशी जमिनीवर बसला होता. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट, डोळ्यांत पाणी. त्याने वळून माझ्याकडे पाहिले आणि रागाने नव्हे, खरोखरच माहिती विचारावी तसे विचारले,

‘मामा, फ्रान्समधी तुमचं कोण हाय?’

कुणी नव्हते. पॅरिसमध्ये ना माझा चुलता, ना मावसभाऊ. त्या अख्ख्या देशात माझा एकच नातलग होता, माझा अंदाज. आणि त्या एका नातलगासाठी मी समोर बसलेल्या पोराच्या रडण्यावर टाळी वाजवली होती.

द्यूत चालू असताना धृतराष्ट्र ‘काय जिंकलं? काय जिंकलं?’ असे पुन्हा पुन्हा विचारत राहिला, त्याला आपला आनंद झाकता आला नाही, असे महाभारतात आहे. शाळेत ही गोष्ट ऐकताना मला धृतराष्ट्राचा फार राग आला होता. पण त्या बिचाऱ्याची निदान पोटची पोरे तरी खेळत होती!

पुढचा सामना जगाला ठाऊक आहे. जादा वेळेत मेस्सीचा गोल, पुन्हा एम्बापेचा, ३-३, आणि पेनल्टीवर ४-२ ने अर्जेंटिना. फटाके, गुलाल, हलगी. भाच्याने मला मिठी मारली. तो सगळे विसरला होता. मी काही विसरलो नाही. रात्री गच्चीवर पडल्या पडल्या मला फुटबॉल आठवत नव्हता, एक दुकान आठवत होते.

२०१९ च्या दिवाळीत मेहुण्यांनी खेळाच्या सामानाचे छोटेसे दुकान काढले होते. चेंडू, बूट, जर्सी. पूजेला आम्ही गेलो होतो. पेढा तोंडात असतानाच मी बायकोच्या कानात म्हणालो, ‘सहा महिने. जास्त नाही. जागा आत आहे, गाडी लावायची सोय नाही.’ तिने ते आईला सांगितले, आईने मुलाला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. मैदाने बंद, शाळा बंद, दुकान बंद. आठव्या महिन्यात त्यांनी गाळा सोडला. सामान पोत्यांत भरून घरी आणले. फोनवर मेहुणे म्हणाले, ‘दाजी, तुम्ही बोलला होतासा.’

आणि मी काय म्हणालो? ‘अहो, मला तेव्हाच दिसत होतं.’

काय दिसत होते? मला गाडी लावायची सोय दिसत नव्हती. जगावर येऊ घातलेली साथ मला दिसली नव्हती, तशी ती कुणालाच दिसली नव्हती. माझे कारण साफ चुकले होते, नुसते उत्तर बरोबर आले होते. परीक्षेत असे झाले तर मास्तर निम्मे गुण कापतात. मी मात्र पैकीच्या पैकी घेतले, वर माणसाच्या पडत्या काळात ते त्याला मोजून दाखवले. सासूबाईंचेही कारण चुकले होते, मागच्या गल्लीतल्या पोराच्या नोकरीने सामना जिंकत नाही. पण त्यांनी ‘मला काय कळतंय’ म्हणून ते सोडून दिले. माझ्यात आणि त्यांच्यात एवढाच फरक, आणि तो मला फार मोठा वाटला.

‘मी सांगत होतो’ हे मराठीतले सर्वांत गोड वाक्य असावे. ते म्हणताना माणसाचा चेहरा कसा उजळतो, पाहिला आहे ना? पोरगा नापास झाला, लग्न मोडले, भिंत पडली, शेजाऱ्याची गाडी ठोकली गेली, आणि हे गृहस्थ हळहळताहेत. पण डोळ्यांत दिवाळी. दुष्ट असतात असे नाही. त्यांनी फक्त कधीतरी, गंमत म्हणून, पुठ्ठ्यावर नाव लावलेले असते.

मग पुढचे काही दिसत असेल तर बोलूच नये की काय? तसेही नाही. विदुराने द्यूताच्या आधी धृतराष्ट्राला कानीकपाळी ओरडून सांगितले होते. पण तो अंदाज नव्हता, इशारा होता. दोहोंतले शब्द पुष्कळदा तेच असतात. फरक मनात असतो. इशारा देणाऱ्याला आपण खोटे ठरावे असे वाटते, अंदाज करणाऱ्याला आपण खरे ठरावे असे वाटते. गाडी लावायची सोय नाही, हे मला खरोखर सतावत असते तर मी पेढा गिळून मेहुण्यांकडे गेलो असतो, बायकोच्या कानाशी नव्हे. चार गाळे त्यांच्याबरोबर फिरून पाहिले असते. मी तसे केले नाही, कारण मला दुकान वाचवायचे नव्हते, तारीख सांगायची होती.

मी फुटबॉलचे अंदाज सोडलेले नाहीत. इतका वैरागी मी नाही. फक्त एक पथ्य पाळतो. ज्याच्या विजयाने समोरच्या खोलीत कुणी हसेल, त्याचेच नाव सांगतो. आता माझे अंदाज पूर्वीपेक्षा जास्त चुकतात, पण चुकले की आम्ही सगळे एकदम चुकतो, आणि त्याला घरातल्या घरात सोबत असते.

२०२३ च्या पाडव्याला मेहुण्यांनी पुन्हा दुकान काढले. त्याच्या आधी एकदा पुण्याला आले, गाळ्याचा नकाशा माझ्यापुढे पसरला आणि चाचरत म्हणाले, ‘दाजी, काय वाटतंय? चालंल का?’ मी नकाशा पाहिला. गाडी लावायचे विचारले, ती सोय होती. शाळा किती लांब, ते विचारले. डिपॉझिट जास्त वाटले, ते तसे सांगितले. त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा तेच विचारले, ‘ते झालं हो. पर चालंल का?’

त्या क्षणी मला तो शिंगांना गोंडे लावलेला बैल आठवला आणि इतक्या वर्षांनी त्याचे म्हणणे कळले. तो कधी भाकीत करतच नव्हता. दारात उभ्या राहिलेल्या, काळजीने विचारणाऱ्या माणसाला भाकीत नको असते, हे त्याला ऑक्टोपसापेक्षा आणि माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. माझ्या त्या वाकड्या प्रश्नालाही त्याने मान हलवली, ती प्रश्न न ऐकताच हलवली असणार. समोर एक घाबरलेला पोरगा उभा आहे, एवढे त्याला पुरेसे होते.

मी मान हलवली. चांगली दोनदा, खालीवर, जोरात.

दुकान अजून चालू आहे. यात माझे काडीचेही श्रेय नाही, एवढे लिहितो आणि थांबतो. कारण आणखी एक ओळ लिहिली, तर ‘मी तेव्हाच मान हलवली होती’ असे निसटण्याची दाट शक्यता आहे. आणि हा अंदाज मात्र माझा बहुधा चुकणार नाही.